फोटो कॅनव्हासवर उतरवताना

दिवाणखान्याच्या भिंतीवर मोठा कॅनव्हास लावायचे ठरले की घरात पहिली चर्चा आकाराची होते. दोन फूट बाय तीन फूट पुरेल की त्याहून मोठा हवा, सोफ्याच्या वर लावायचा की जिन्याच्या भिंतीवर, आणि दर काय पडेल, या प्रश्नांतच सगळा वेळ जातो. या कामात बरीच वर्षे घालवल्यावर माझे मत असे झाले आहे की कॅनव्हास चांगला उतरणार की नाही हे छपाईयंत्र सुरू होण्यापूर्वीच, म्हणजे फाइल हातात येते तेव्हाच, बरेचसे ठरून गेलेले असते. उरलेले ठरते ते चौकटीच्या चार कोपऱ्यांवर. मधली छपाई आता इतकी सुधारली आहे की योग्य शाई आणि योग्य कापड निवडले तर तिथे चूक होण्यास फारसा वाव राहत नाही. म्हणून पुढच्या मजकुरात फाइल आणि चौकट या दोन टोकांवर मी अधिक थांबलो आहे.

मूळ फाइल आणि आकाराचा हिशेब

सर्वांत आधी मूळ फाइल मिळवावी. मूळ म्हणजे कॅमेऱ्यात किंवा फोनमध्ये जशी साठवली गेली तशीच, चार जणांच्या फोनमधून फिरून न आलेली. व्हॉट्सॲपवरून नेहमीप्रमाणे फोटो म्हणून पाठवलेली प्रतिमा वाटेत लहान होते आणि तिची लांब बाजू बहुधा १६०० पिक्सेलांच्या आसपास उरते. तीच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर जशीच्या तशी पोहोचते. फोनच्या छोट्या पडद्यावर दोन्ही प्रतिमा सारख्याच सुरेख दिसतात, त्यामुळे हा फरक छपाई हातात पडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

फाइल किती मोठी छापता येईल हे काढण्यासाठी तिच्या पिक्सेलांना दर इंची पिक्सेलांनी भागायचे. हातात धरून पाहायच्या कागदी छपाईला दर इंची ३०० पिक्सेल हे प्रमाण मानले जाते, पण कॅनव्हासला १५० पुरतात. त्याचे एक कारण डोळ्यात आहे आणि दुसरे कापडात. एक मीटर अंतरावरून पाहताना निरोगी डोळ्याला साधारण ०.३ मिलिमीटरहून बारीक तपशील वेगळा दिसत नाही, आणि भिंतीवरचा मोठा कॅनव्हास आपण क्वचितच त्याहून जवळून पाहतो. शिवाय कॅनव्हासच्या विणीला स्वतःचे दाणे असतात, त्यात अतिसूक्ष्म तपशील हरवून जातात. तेव्हा १२ मेगापिक्सेल फोनची ४०३२ बाय ३०२४ पिक्सेलांची फाइल दर इंची १५० या हिशेबाने सुमारे २७ बाय २० इंच होते, आणि २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची ६००० बाय ४००० पिक्सेलांची फाइल ४० बाय पावणेसत्तावीस इंचांपर्यंत जाते. जिन्यावरून किंवा हॉलच्या दुसऱ्या टोकावरून पाहायच्या कॅनव्हासला दर इंची १०० पिक्सेलही चालतात. त्याखाली मात्र जाऊ नये. वर सांगितलेली १६०० पिक्सेलांची प्रतिमा या मोजणीत जेमतेम साडेदहा इंच भरते, आणि ती तीन फुटांवर ताणली तर चेहऱ्यांची कातडी मेणासारखी गुळगुळीत दिसू लागते.

फाइल मोठी असली म्हणजे ती चांगली असेलच असे नाही. फोटो पडद्यावर शंभर टक्के मोठा करून डोळे पाहावेत. पापण्यांचे केस आणि बुबुळातला प्रकाशाचा ठिपका स्वच्छ असेल तर फोकस बरोबर आहे. कॅमेरा हलल्यामुळे तो ठिपका रेघेसारखा ओढला गेला असेल, तर तो दोष मोठ्या छपाईत आणखी उघड होतो आणि कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्णपणे जात नाही. अशा वेळी लहान आकार घ्यावा, नाहीतर दुसरा फोटो निवडावा.

जुने फोटो

आमच्याकडे येणाऱ्या कामातले सर्वांत मोलाचे काम जुन्या अल्बमांतले असते आणि त्याला सर्वांत जास्त काळजी लागते. निगेटिव्ह उपलब्ध असेल तर नेहमी निगेटिव्हच स्कॅन करावी, कारण छापील फोटोत तिच्यातले सगळे तपशील उतरलेले नसतात. ३५ मिलिमीटरच्या फिल्मची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची असते आणि ती ४००० डीपीआयवर, म्हणजे दर इंची ४००० ठिपके टिपत, स्कॅन केली की लांब बाजूला साडेपाच हजारांहून अधिक पिक्सेल मिळतात, म्हणजे तीन फुटांच्या कॅनव्हासला पुरेसे. अगफा क्लिक थ्री हा कॅमेरा एके काळी पुष्कळ मराठी घरांत होता. त्याची १२० रोलवरची सहा सेंटिमीटर चौरस निगेटिव्ह त्याहून कितीतरी मोठी असते, मात्र त्याची भिंग साधी असल्यामुळे मधला भाग स्वच्छ आणि कडा किंचित मऊ असा परिणाम येतो. तो दोष न मानता तसाच ठेवावा. त्या फोटोंचे ते रूपच आहे.

निगेटिव्ह नसेल तर छापील फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करावा. चार बाय सहा इंचांचा फोटो त्या हिशेबाने २४०० बाय ३६०० पिक्सेल होतो, म्हणजे दर इंची १५० धरून १६ बाय २४ इंचांचा कॅनव्हास आरामात निघतो. त्याहून जास्त डीपीआय लावल्याने फाइल फुगते, पण बहुतेक छापील फोटोंत त्यापलीकडे तपशीलच नसतो. निगेटिव्हच्याच आकाराच्या छोट्या काँटॅक्ट प्रिंट त्याला अपवाद आहेत; त्यांना १२०० डीपीआय द्यावे. स्कॅन १६ बिटमध्ये, म्हणजे रंगांच्या अधिक बारीक छटा टिपत, करून टिफ स्वरूपात साठवावे. जेपेग प्रत छपाईसाठी शेवटी काढता येते, पण दुरुस्तीचे काम जेपेगवर करू नये, कारण प्रत्येक वेळी साठवताना तिच्यातले थोडे काही गळत जाते.

सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांतले बरेच रंगीत फोटो रेशमी दाण्यांच्या कागदावर छापलेले आहेत. स्कॅनरचा दिवा एका बाजूने पडत असल्यामुळे त्या दाण्यांवर चमक येते आणि सगळ्या चेहऱ्यांवर जाळी पसरल्यासारखी दिसते. त्यावर उपाय असा की फोटो एकदा सरळ आणि एकदा १८० अंशांत फिरवून स्कॅन करावा, दुसरी प्रतिमा संगणकावर पुन्हा सरळ करून पहिलीवर तंतोतंत बसवावी आणि दोहोंची सरासरी घ्यावी. दोन्ही बाजूंच्या सावल्या एकमेकींना खातात आणि जाळी बरीच विरते.

आणखी एक अडचण दमट हवेच्या गावांत हमखास भेटते. वर्षानुवर्षे भिंतीवर असलेला फोटो फ्रेमच्या काचेला चिकटून बसलेला असतो. तो ओढून काढण्याचा प्रयत्न कृपया करू नये. फोटोवरचा जिलेटिनचा थर काचेलाच राहतो आणि चेहरा कायमचा जातो. असा फोटो काचेसकट, फ्रेममधून फक्त मागची पाठ काढून, सपाट ठेवावा, काच कोरड्या मऊ कापडाने पुसावी आणि दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर दिवे ठेवून कॅमेऱ्याने वरून टिपावा. खोलीतले बाकीचे दिवे बंद असावेत, म्हणजे काचेत प्रतिबिंब येत नाही.

दुरुस्तीबद्दल माझे मत ठाम आहे. ओरखडे, डाग, घड्या आणि पिवळेपणा काढावा, पण माणूस बदलू नये. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने लहान फोटो मोठा करताना जे तपशील मुळात नाहीत ते अंदाजाने भरतात, आणि असा भरलेला चेहरा देखणा असला तरी आजीचा राहत नाही. दुपटीपर्यंत मोठा करण्यास हरकत नाही, त्यानंतर मूळ स्कॅन शेजारी ठेवून डोळे, ओठांच्या कडा आणि दात तपासावेत. कृष्णधवल फोटो रंगीत करून देण्याची मागणीही येते. सॉफ्टवेअर लुगड्याला वाटेल तो रंग देते. खरा रंग कोणाला आठवत असेल, किंवा ते लुगडे ट्रंकेत अजून असेल, तरच रंग भरावेत. नाहीतर कृष्णधवल कॅनव्हास तसाच अतिशय सुंदर दिसतो.

कडा आधी ठरवाव्यात

कॅनव्हास लाकडी पट्ट्यांवर ताणला जातो तेव्हा चित्राचा काही भाग बाजूंवर वळतो. दीड इंच जाडीच्या पट्ट्या असतील तर चारही बाजूंना दीड इंच दिसणारी कड आणि मागे स्टेपल मारण्यासाठी आणखी इंचभर कापड लागते. म्हणजे २० बाय ३० इंचांच्या तयार कॅनव्हाससाठी २५ बाय ३५ इंच कापड हवे आणि त्यातल्या २३ बाय ३३ इंचांवर चित्र हवे. हा हिशेब फाइल तयार करताना करायचा असतो.

सुरुवातीच्या काळात माझ्याकडून याच हिशेबात एक चूक झाली आणि ती मी विसरलेलो नाही. वाड्याच्या पायऱ्यांवर काढलेला चौदा जणांचा कौटुंबिक फोटो होता. डाव्या टोकाला एक वृद्ध बाई नातवाच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या. मी चित्र पट्टीवर वळवले आणि त्यांचा अर्धा चेहरा कडेवर गेला. समोरून पाहिले तर नातवाच्या खांद्यावर नुसता हात दिसत होता. छपाई, रंग, ताण, सगळे उत्तम होते, आणि तरीही तो कॅनव्हास देण्याजोगा नव्हता. मी तो पुन्हा केला.

तेव्हापासून प्रत्येक फाइलवर मी आधी दीड इंचांची चौकट आखून पाहतो. चेहरे, हात, पाय किंवा लिहिलेली अक्षरे त्या पट्ट्यात येत असतील तर चित्र वळवत नाही. अशा वेळी दोन पर्याय उरतात. एक म्हणजे चित्राच्या कडेचा दीड इंच भाग आरशासारखा उलटवून बाजूवर छापणे, ज्याला मिरर रॅप म्हणतात. आकाश, शेत, पाणी, भिंत अशा पार्श्वभूमीला तो शोभतो. पण कडेला माणूस असेल तर त्याचेच प्रतिबिंब बाजूवर उमटते आणि ते विचित्र दिसते. दुसरा पर्याय म्हणजे बाजू एका रंगाची ठेवणे, आणि माणसांच्या फोटोला मला तोच आवडतो. हा रंग फोटोतल्याच एखाद्या गडद भागातून उचलावा. निव्वळ पांढरी कड मळते आणि निव्वळ काळी कड जुन्या फोटोला जड होते.

आकाराचे प्रमाणही याच टप्प्यावर पाहावे. कॅमेऱ्याचा फोटो साधारण ३:२ या प्रमाणात असतो, त्याला १६ बाय २४, २० बाय ३० किंवा २४ बाय ३६ इंच बसतात. फोनचा फोटो बहुधा ४:३ असतो, त्याला १८ बाय २४ किंवा ३० बाय ४० जुळतात. दुकानातल्या ठरावीक आकारात बसवण्यासाठी कोणाचे तरी पाय किंवा देवळाचा कळस कापण्यापेक्षा फोटोच्या प्रमाणाची चौकट सुताराकडून करून घेणे चांगले.

रंग

पडद्यातून प्रकाश बाहेर येतो आणि कॅनव्हास खोलीतला प्रकाश परतवतो, या एका फरकातून बहुतेक तक्रारी जन्माला येतात. ‘मोबाइलवर किती उजळ होता, इथे काळवंडला’ हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे. पडद्याची उजळता पूर्ण ठेवून दुरुस्त केलेला फोटो छपाईत गडद येणारच. दुरुस्तीचे काम शक्यतो कॅलिब्रेट केलेल्या, म्हणजे रंग खरे दिसावेत असे जुळवून घेतलेल्या, मॉनिटरवर आणि उजळता पुष्कळ कमी करून करावे. मॉनिटरची उजळता मोजण्याचे साधन असेल तर ती दर चौरस मीटरला ८० ते १२० कँडेला या दरम्यान आणावी.

कॅनव्हास आणि शाईच्या प्रत्येक जोडीचे एक रंगप्रोफाइल असते, ज्याला आयसीसी प्रोफाइल म्हणतात. ते छपाईवाल्याकडून मागून घ्यावे आणि फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची सॉफ्ट प्रूफ पाहावी. छपाईत रंग कसे दिसतील याचा अंदाज त्यातून पडद्यावरच मिळतो. काही रंग कॅनव्हासवर पूर्ण ताकदीने येत नाहीत, हे तिथे आधीच कळते. पैठणीचा चटक जांभळा, गुलालाचा झळझळीत गुलाबी आणि पावसाळी भातखाचरांचा कोवळा हिरवा हे तीन रंग मला नेहमी त्रास देतात. ते मुळातच थोडे खाली आणून त्यांच्यातल्या छटा सांभाळाव्यात, नाहीतर पदरावरचे मोर एका सपाट ठिपक्यात बुडून जातात. छपाईवाल्याकडे प्रोफाइलची सोय नसेल तर फाइल एसआरजीबी या सर्वत्र चालणाऱ्या रंगपद्धतीत द्यावी. अडोब आरजीबी या अधिक रंग सामावणाऱ्या पद्धतीतली फाइल प्रोफाइलकडे दुर्लक्ष करणाऱ्या यंत्रावर छापली की चेहरे फिके आणि निस्तेज येतात.

पांढरा रंग छापला जात नाही, हेही ध्यानात असावे. फोटोतला शुभ्र भाग म्हणजे उघडे राहिलेले कापड. त्यामुळे धोतर, पांढरे फेटे किंवा ढग पूर्ण पांढरे होऊन त्यांतले तपशील गेले असतील तर तिथे चित्रात भोक पडल्यासारखे दिसते. उजळ भाग किंचित दाबावेत आणि सावल्या थोड्या उघडाव्यात, कारण कॅनव्हासवर गडद छटा एकमेकींत मिसळतात. धारही (शार्पनेस) नेहमीपेक्षा जराशी जास्त द्यावी, विणीमुळे ती पुन्हा मऊ होते. किती, याचे उत्तर आकड्यात देता येत नाही. चेहरा, गडद भाग आणि उजळ भाग तिन्ही येतील अशी आठ इंचांची पट्टी खऱ्या कॅनव्हासवर, खऱ्या आकारात छापून घ्यावी आणि ज्या खोलीत चित्र लागणार आहे तिथे संध्याकाळच्या दिव्यात भिंतीला टेकवून पाहावी. या पट्टीचे पैसे वाचवू नयेत.

कापड, शाई आणि छपाई

कॅनव्हास सुती, पॉलिस्टर आणि दोन्हींच्या मिश्रणाचा मिळतो. सुती कापडाचा पोत सर्वांत देखणा, पण दमट हवेत तो सैल पडतो आणि कोरड्या हवेत पुन्हा आवळतो. पॉलिस्टर स्थिर राहतो, मात्र त्याची वीण काहीशी यांत्रिक दिसते. मुंबई, कोकण किंवा गोव्यातल्या घरासाठी मी मिश्र कापड सुचवतो. वजन दर चौरस मीटरला ३५० ग्रॅमच्या वर असावे. त्याहून पातळ कापडातून मागच्या पट्ट्यांचा आकार डोकावतो. फार निळसर-पांढरे दिसणारे कापड टाळावे. त्यात उजळपणासाठी मिसळलेली रसायने काही वर्षांत दम सोडतात आणि मग कापडाचा पिवळेपणा चेहऱ्यांवर येतो.

शाईबाबत दुकानात एकच प्रश्न विचारावा: ती पिगमेंट आहे का? डाय प्रकारच्या शाईत रंग विरघळलेला असतो आणि तो उजेडाने लवकर उडतो, तर पिगमेंट शाईत रंगाचे सूक्ष्म कण असतात आणि ते कापडावरच्या लेपात धरून राहतात. घरातल्या, जवळून पाहायच्या चित्रासाठी ८ ते १२ रंगांचे पिगमेंट इंकजेट यंत्र सर्वांत योग्य. त्यात काळ्यासोबत राखाडी शायाही असतात, त्यामुळे कृष्णधवल फोटोत हिरवट किंवा जांभळट झाक येत नाही. फ्लेक्स छापणाऱ्या अनेक ठिकाणी इको-सॉल्व्हंट शाईवर कॅनव्हास स्वस्तात मिळतो. त्याची शाई टिकाऊ असते, पण त्वचेच्या नाजूक छटांत दाणे दिसतात आणि काही दिवस वासही राहतो.

बाजारात ‘जिक्ले’ हा शब्द मोठ्या किमतीसोबत ऐकू येतो. १९९१ साली जॅक डुगान या अमेरिकन छपाईकाराने फवारणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून तो घडवला आणि त्याचा मूळ अर्थ इंकजेटने केलेली कलाछपाई एवढाच आहे. शब्दाने दर्जा ठरत नाही, शाई आणि कापड विचारूनच घ्यावे. छापील चित्राला कॅनव्हासचे रूप देण्याची हौस आपल्याकडे तशी जुनीच आहे. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेल्या छापखान्यातून जी ओलिओग्राफ घरोघर गेली, त्या तंत्रात कागदावर विणीचा उठाव दाबून वर वार्निश देण्याची रीत होती, म्हणजे ते तैलचित्रासारखे भासावे.

छपाई झाल्यावर कॅनव्हास किमान २४ तास, पावसाळ्यात ४८ तास, उघडा आणि सपाट वाळू द्यावा. त्यानंतर पाण्यावर आधारित ॲक्रिलिक वार्निशचे दोन पातळ हात द्यावेत, पहिला उभा आणि तो पूर्ण वाळल्यावर दुसरा आडवा. फोमचा रोलर चालतो, फवारा असेल तर अधिक चांगले. वार्निशमुळे काळे रंग खुलतात आणि घडीवर शाई तडकत नाही. घरातल्या फर्निचरचे वार्निश कधीही वापरू नये, ते पिवळे पडते. डाय शाईवर पाण्याचे वार्निश लावले तर रंग पसरू शकतात, म्हणून आधी कोपऱ्याच्या तुकड्यावर करून पाहावे. चमक किती हवी ते खोलीतल्या दिव्यांवर ठरवावे. खिडकीसमोरच्या भिंतीवर मॅट, म्हणजे बिनचमकीचाच हवा.

चौकट आणि ताण

इथे घाई केली तर आधीचे सगळे कष्ट वाया जातात. चौकटीचे लाकूड पूर्ण सुकवलेले हवे. ओले पाइन चौकटीत बसले की पहिल्याच उन्हाळ्यात फिरते आणि कॅनव्हासचा एक कोपरा भिंतीपासून सुटून उभा राहतो. पट्टीच्या समोरच्या बाजूला आतल्या दिशेने उतार असावा, म्हणजे कापड फक्त बाहेरच्या कडेला टेकते. सपाट पट्टी असेल तर काही महिन्यांत तिच्या आतल्या कडेची रेघ चित्रावर चौकोनासारखी उमटते. अडीच फुटांहून लांब चौकटीला मध्ये आडवी पट्टी द्यावी.

चौकट काटकोनात आहे की नाही हे गुण्याने पाहून भागत नाही. दोन्ही कर्ण मोजावेत. २४ बाय ३६ इंचांच्या चौकटीचा कर्ण सुमारे सव्वात्रेचाळीस इंच भरतो, आणि दोन कर्णांत दोन मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर ती आधी सरळ करून घ्यावी. वाकडी चौकट कॅनव्हास ताणल्यावर सरळ होत नाही.

मग स्वच्छ चादरीवर कॅनव्हास उलटा पसरावा, छपाईच्या कोपऱ्यांवरच्या खुणांवर चौकट ठेवावी आणि लांब बाजूच्या मध्यभागी पहिला स्टेपल मारावा. समोरच्या बाजूच्या मध्याशी कापड रुंद तोंडाच्या पकडीने धरून ओढावे आणि दुसरा स्टेपल मारावा, नंतर आखूड बाजूंच्या मध्यांवर तेच करावे. चार स्टेपल झाल्यावर कॅनव्हासवर मधोमध शंकरपाळ्याच्या आकाराची ताणाची घडी दिसते. ती दिसली म्हणजे ताण बरोबर आहे. पुढे मध्यापासून कोपऱ्यांकडे, दोन दोन इंचांवर, एक स्टेपल या बाजूला तर एक समोरच्या बाजूला असे जावे. एक बाजू पूर्ण करून मग दुसरी घेतली तर वीण तिरकी होते आणि फोटोतले खांब व दारे कलतात. कोपऱ्यापाशी तीन इंच मोकळे ठेवावेत.

कोपऱ्याची घडी ही वहीला कव्हर घालताना करतो तशीच आहे. आखूड बाजूचे कापड कोपऱ्यावर आत दुमडायचे, बोटाने दाबून घडी पट्टीच्या कडेशी जुळवायची, वरून दुसऱ्या बाजूचे कापड सरळ ओढून आणायचे आणि मागे दोन स्टेपल मारायचे. घडी चित्राच्या वरच्या आणि खालच्या कडेला यावी, डाव्या-उजव्या कडेला नाही. भिंतीवरच्या चित्राच्या उभ्या बाजू चालता-बोलता दिसतात. कोपऱ्यात जास्तीचे कापड राहून गाठ होत असेल तर आतला भाग थोडा कापावा, पण बाहेरच्या घडीला कात्री लावू नये. शेवटी बोटाने टिचकी मारून पाहावे. डफासारखा हलका आवाज आला की पुरे. त्याहून जास्त ओढल्यास कडांवर शाईला भेगा जातात.

चौकटीच्या आतल्या कोपऱ्यांतल्या खाचांसाठी लाकडी पाचरी मिळतात. त्या सुरुवातीलाच ठोकू नयेत. पावसाळ्यानंतर कापड सैल वाटले तर त्यांवर हातोडीचे हलके टोले दिले की चौकट मिलिमीटरभर उघडते आणि कॅनव्हास पुन्हा ताठ होतो. मूळ बांधणीत कोपरे सरसाने घट्ट चिकटवलेले असतील तर ही सोय राहत नाही, म्हणून चौकट करून घेतानाच सुताराला तसे सांगावे.

भिंतीवर

ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर कॅनव्हास लावू नये. कोकणपट्टीत पावसाळ्यात हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वर जातो आणि भिंत व कापड यांच्यामध्ये अडकलेल्या हवेत बुरशी धरते. मागच्या खालच्या कोपऱ्यांना रबराचे अर्धा इंच जाड ठोकळे लावले की हवा खेळती राहते. थेट ऊन, स्वयंपाकघराची वाफ आणि देवघरातल्या समईची काजळी यांपासूनही कॅनव्हास दूर असावा. धूळ महिन्यातून एकदा कोरड्या मऊ ब्रशने झटकावी. ओले फडके लावू नये.

दिवंगत माणसाचा फोटो कॅनव्हासवर करून घेणाऱ्यांना एक गोष्ट मी आवर्जून सांगतो. कॅनव्हासवर काच नसते. काचेच्या फ्रेमवर आपण सहज गंध लावतो, ताज्या फुलांचा हार घालतो आणि दुसऱ्या दिवशी काच पुसून टाकतो. कॅनव्हासवर तेच केले तर गंध विणीत उतरते आणि झेंडूचे पाणी कडेवरून ओघळून कायमचा तपकिरी डाग सोडते. नित्य पूजेत ठेवायचा फोटो कागदावर छापून काचेतच ठेवावा. कॅनव्हासला हार घालायचाच असेल तर वरच्या कडेच्या दोन इंच वर, भिंतीपासून पुढे आलेले दोन वेगळे हुक ठोकून घ्यावेत, म्हणजे हार चित्राला न टेकता समोर लोंबतो.

भिंतीवर चढवण्यापूर्वी मागच्या लाकडी पट्टीवर पेन्सिलीने फोटोतल्या माणसांची नावे डावीकडून उजवीकडे, गाव, फोटोचे साल, छपाईचे साल, आणि कापड व शाईचा प्रकार लिहून ठेवावा. पुढे कधी कॅनव्हास बदलायची वेळ आली तर टिफ फाइल आणि ही माहिती एवढ्यावर तो पुन्हा तसाच करता येतो. लिहायचे ते लाकडावरच लिहावे; कापडाच्या मागे बॉलपेनने लिहिले तर त्याचा दाब समोरून, बहुधा एखाद्या चेहऱ्यावर, रेघेसारखा दिसतो.